दादांचं कुठे अडतं? व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं पहिलं वर्ष

सकाळी सहाला दादा ओट्याशी उभे होते. पातेलं, दूध, चहाचा डबा, साखर, आलं, सगळं ओळीने मांडलेलं. हातात लायटर. वीस मिनिटांनी मी परत आत गेलो तर चित्र तेच. "दादा, चहा झाला?" विचारलं तर म्हणाले, "करतोय की." मग लायटरकडे बघत हळूच, "आता काय?"

त्याच दुपारी नातवाने विचारलं म्हणून त्यांनी मिरजेपासूनची स्टेशनं धडाधड म्हणून दाखवली: सांगली, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, भवानीनगर, शेणोली, कऱ्हाड. हयात रेल्वेच्या बुकिंग खिडकीत गेलेली, क्रम कुठेही चुकला नाही. आम्ही निर्धास्त झालो. एवढं सगळं आठवतंय म्हणजे डिमेन्शिया कसला? "साठी बुद्धी नाठी" म्हणून समजूत काढायला शेजारपाजार होताच. यात आठ महिने गेले.

व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडून बुद्धी ढासळण्याचा आजार, हे नाव ज्यांच्या घरात नुकतंच आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, वडिलांना सांभाळणारा मुलगा आहे. गोळी कोणती आणि किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टरांसमोर आपण महिन्यातून दहा मिनिटं बसतो. उरलेला सगळा महिना घरात जातो आणि त्या महिन्यात काय करायचं हे आम्हाला धडपडत शिकावं लागलं.

आधी आत काय बिघडलंय ते समजून घ्या

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण २० टक्के एकटा मेंदू घेतो. साठवण मात्र जवळजवळ शून्य. रक्त येत राहिलं तर चालतो, नाहीतर काही मिनिटांत त्या जागेच्या पेशी मरायला लागतात.

आमच्याकडे कालव्याचं पाणी कसं येतं हे लहान पोरही सांगेल. हेडला असलेल्याचा ऊस हिरवागार आणि टेलच्या शेतात चारी कोरडी. मेंदूच्या आत खोलवर जो पांढरा भाग असतो तो असाच टेलला आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक, आणि एक बंद पडली तर शेजारून पाणी वळवायची सोय फारशी नाही. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं, साखर वाढलेली, वर तंबाखू, असं असलं की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. कुठे वाहिनी पार बंद होते, कुठे नुसतंच पाणी कमी पडतं.

हा पांढरा भाग म्हणजे मेंदूचं वायरिंग. कपाळामागचा भाग काम आखतो, क्रम लावतो, सुरुवात करतो. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी तुटल्या की माणसाला माहिती असते, पण ती कामाला लावता येत नाही. स्टेशनं पाठ, चहा अडलेला. अल्झायमर या डिमेन्शियाच्या दुसऱ्या प्रकारात बहुधा आधी ताजी आठवण जाते: सकाळी कोण येऊन गेलं, आत्ता काय विचारलं. इथे सुरुवातीला विचार संथ होतो, निर्णय होत नाही, दोन कामं एकत्र जमत नाहीत. म्हणून घरच्यांच्या ते लवकर लक्षात येत नाही आणि आलं तरी 'आळस' किंवा 'हट्ट' या खात्यात जमा होतं.

दुसरा फरक चालीचा. अल्झायमर बहुतेक वेळा उतारासारखा हळूहळू खाली जातो. व्हॅस्क्युलर डिमेन्शिया पुष्कळदा जिन्यासारखा उतरतो. महिनोन्‌महिने माणूस एकाच पायरीवर, मग एखाद्या आठवड्यात धप्पकन खालची पायरी. मोठा स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, झाला तर ती पायरी सगळ्यांना दिसते. लहान झटके कधी कधी कळतही नाहीत, एमआरआयवरच सापडतात. बारीक वाहिन्यांचाच आजार असेल तर हाही हळूहळू उतरू शकतो, तेव्हा जिना दिसला नाही म्हणून निदान चुकलं असं समजू नका. म्हातारपणी दोन्ही आजार एकाच डोक्यात असणंही नेहमीचं आहे. त्याला मिश्र डिमेन्शिया म्हणतात.

जुन्या फाइलीत 'मल्टि-इन्फार्क्ट डिमेन्शिया' लिहिलेलं सापडलं तर घाबरू नका, तो याच कुळातला. हे नाव १९७४ साली व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलं. 'बिन्सवांगर' असंही कुठे दिसेल. ओटो बिन्सवांगर यांनी पांढऱ्या भागाच्या या आजाराचं वर्णन १८९४ मध्येच केलं होतं. आणि आपलंच घर असं म्हणून लाजायचं कारण नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना कुठला ना कुठला डिमेन्शिया आहे. अल्झायमरच्या खालोखाल हाच प्रकार जास्त आढळतो.

पहिलं काम: एक वही घाला

मोबाइलमध्ये नको. दोनशे पानी वही, देवघराशेजारी किंवा फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी. तारीख, बीपी, आणि काही वेगळं घडलं असेल तर एक ओळ.

आमच्या वहीतली एक ओळ अशी: "१२ जून. जेवताना डाव्या हातातून वाटी सुटली. दहा मिनिटांत ठीक." वाटी सुटली, परत भरली, विषय संपला. तीन आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला डॉक्टरांनी वही चाळली आणि त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं. तो छोटा झटका होता. येऊन गेलेला, खूण न ठेवलेला. अशा झटक्यानंतरचे पहिले काही दिवस मोठ्या स्ट्रोकसाठी सर्वांत धोक्याचे असतात, आणि ते दिवस आम्ही आंबे खात घालवले होते. त्यानंतर आमच्या घरात 'ठीक झालं' हा शब्द कुणी वापरत नाही. ठीक झालं तरी त्याच दिवशी दवाखाना.

वहीचा दुसरा उपयोग निदानाला होतो. "कधीपासून?" या प्रश्नाला "बरेच दिवस" हे उत्तर निरुपयोगी आहे. "दिवाळीपर्यंत पेन्शनचा हिशोब करायचे, संक्रांतीला बेरीज अडली, होळीच्या आसपास चालताना पाय घासायला लागले" यातून डॉक्टरांना जिना दिसतो.

दुसरं काम: दुसरं काही नाही ना, हे तपासून घ्या

न्यूरॉलॉजिस्ट गाठा. गावात नसेल तर एमडी फिजिशियनपासून सुरुवात करा. जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नावं तोंडपाठ सांगू नका, पिशवीच उचला), जुने ईसीजी आणि साखरेचे रिपोर्ट न्या. रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या. पुण्याहून सुट्टीवर आलेला भाऊ एकटा गेला तर तो "तसे बरे आहेत" एवढंच सांगून येतो.

डिमेन्शियाची नक्कल करणाऱ्या आणि उपचाराने सुधारू शकणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, सर्रास सापडते. थायरॉइड, सोडियम, नैराश्य हेही तपासतात. महिना-दीड महिन्यापूर्वी पडून डोक्याला लागलं असेल तर आवर्जून सांगा. वयस्कर माणसात कवटीखाली रक्त हळूहळू साचतं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा. निम्मा गोंधळ कधी कधी कानाचा असतो.

आणि गोळ्या. दादांना रात्री वारंवार लघवीला उठावं लागायचं म्हणून एका दवाखान्यात त्यासाठी गोळी सुरू झाली. आठवड्याभरात ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायला लागले. आम्हाला वाटलं, आजार वाढला. गोळी बंद झाल्यावर कॅलेंडरशी गप्पाही बंद. मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्या, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या आणि सर्दीच्या गोळ्या, झोपेची औषधं, या सगळ्यांनी अशा मेंदूत गोंधळ वाढतो. दुकानातून सर्दीची गोळी आणतानाही फार्मासिस्टला आजार सांगा.

स्मृतीची चाचणी ३० गुणांची असते, पण ३० गुणांच्या दोन चाचण्या आहेत. जुनी, एमएमएसई, आठवण आणि भाषा जास्त तपासते. त्यात दादांना २७ मिळाले. मोका नावाच्या दुसऱ्या चाचणीत घड्याळाचं चित्र काढा, आकडा-अक्षर-आकडा अशी रेघ जोडा, असे प्रकार असतात. तिथे ते अडकले. घड्याळाचे बाराही आकडे त्यांनी एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. पहिल्या चाचणीत चांगले गुण आले म्हणून घरी परतू नका, आणि चाचणी मराठीतून घ्यायला सांगा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस', 'लॅक्युनर इन्फार्क्ट', 'फझेकास ग्रेड' असे शब्द येतात. पहिला म्हणजे बारीक वाहिन्यांमुळे झालेले जुने बदल. दुसरा म्हणजे आत खोलवरचे लहान मृत ठिपके. फझेकास हा पांढऱ्या डागांचा दर्जा, शून्य ते तीन. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या गूगल करू नका. सत्तरीत थोडे पांढरे डाग धडधाकट माणसातही असतात. डाग, लक्षणं आणि वही या तिन्हींचा मेळ बसला तरच निदान होतं.

तिसरं काम, आणि हेच सगळ्यात मोठं: पुढची पायरी अडवा

गेलेलं परत आणणारं औषध या आजारात नाही. डोनेपेझिल, मेमँटिन या अल्झायमरच्या गोळ्या काही जणांना, विशेषतः मिश्र प्रकारात, थोड्या उपयोगी पडतात. डॉक्टरांनी दिल्या तर घ्या, चमत्काराची वाट बघू नका. अल्झायमरच्या नव्या इंजेक्शनची बातमी कुणी व्हॉट्सॲपवर पाठवेल. ती इंजेक्शनं या आजारासाठी नाहीत.

पण इथे एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि ती मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो. पुढचा झटका टाळला तर पुढची पायरी लांबते. त्यासाठी लागणारी साधनं दोन हजारांच्या आसपासचं बीपीचं मशीन, गोळ्यांचा डबा आणि स्वयंपाकघर, एवढीच आहेत.

मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नाही. लघवीला जाऊन आलेले असावेत, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नसावी. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना कळवा.

आठवड्यातून एकदा उभं करूनही मोजा: उठल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर गोळ्यांचा मेळ बदलावा लागतो, नाहीतर पहाटे बाथरूमला उठताना माणूस कोसळतो. बीपी किती खाली आणायचं हा प्रश्न नाजूक आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्यांत बुद्धीची सौम्य घट १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा कमी आढळली. पण त्या अभ्यासात मधुमेह असलेले किंवा आधी स्ट्रोक झालेले लोक घेतलेच नव्हते. आपल्या घरातला म्हातारा बहुधा नेमका त्यांच्यातलाच असतो. तेव्हा १२० चा आकडा वाचून स्वतः गोळी वाढवू नका.

सगळ्यात जास्त घडणारी चूक वेगळीच आहे: "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली." अहो, गोळीमुळे नॉर्मल आलं! सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र खणांचा डबा घ्या आणि रविवारी एकाच माणसाने भरावा. दोघांनी भरला की दोन डोस जातात किंवा एकही जात नाही.

मिठाचं गणित आमटीतल्या चिमटीवर संपत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर. आमच्याकडे ते लोणचं, पापड, ठेचा, फरसाण आणि सकाळच्या चहाबरोबरची खारी यातच संपायचं. दादांनी लोणच्यासाठी संप केला. तडजोड म्हणून ताटात लिंबाची फोड, भाजलेलं जिरं आणि लसूण जास्त, आणि रविवारी एक फोड लोणचं. एकदम अळणी करायलाही जाऊ नका. लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि जेवण कमी झालं तर सोडियम इतकं उतरतं की माणूस गुंगीत जातो. कमी सोडियमचं पाकिटातलं मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना चालत नाही, विचारल्याशिवाय आणू नका.

मधुमेह असेल तर साखर वाढण्याइतकीच घसरण्याची भीती धरा. गोळी घेतली आणि जेवायला "भूक नाही" म्हणाले की तासा-दोन तासांत घाम, बडबड, चिडचिड. ग्लुकोमीटर लावून बघा, लगेच 'डिमेन्शिया' म्हणू नका. नाडी अनियमित लागली तर ईसीजी काढून घ्या. हृदयाची लय बिघडली की तिथे गुठळी तयार होऊन मेंदूत जाते आणि त्यासाठी रक्त पातळ करणारी वेगळी गोळी लागते. ॲस्पिरिन शेजाऱ्याला दिलीय म्हणून आपल्यालाही, असं करायचं नाही. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तीच घातक ठरते. तंबाखू, मिश्री, विडी बंद. हे लिहिणं सोपं आहे. दादांची चंची काढून घ्यायला आम्हाला वर्ष लागलं.

स्ट्रोक आला तर

हे पाठ करून ठेवा, कामवाल्या मावशींनाही शिकवा. हसायला सांगा: तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात वर करायला सांगा: एक खाली येतोय का? एक वाक्य म्हणायला सांगा: जीभ अडखळतेय का? यातलं एकही असलं तर १०८ लावा आणि चोवीस तास सीटी स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते तास, माणूस शेवटचा नीट कधी दिसला तिथून मोजतात, म्हणून ती वेळ लिहून घ्या. तोंडात पाणी घालू नका, बीपीची जास्तीची गोळी देऊ नका, ॲस्पिरिन देऊ नका. लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे आधी जाऊ म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना गाडीचं दार उघडायला सांगा आणि निघा.

रोजचं जगणं: कामाचे तुकडे करा

चहाच्या ओट्याशी आम्हाला जे कळलं ते असं. "दादा, चहा करा" ही एक सूचना नाही, त्यात दहा कामं आहेत. "पातेलं ठेवा." थांबा. मनात सावकाश दहा म्हणा. त्यांचा हात निघतो, पण उशिरा निघतो. तेवढ्यात आपण "अहो पातेलं, पातेलं!" म्हणून ओरडलो की पहिली सूचनाही पुसली जाते. मग "पाणी घाला." गॅस पेटवायचं काम आमचं. रात्री रेग्युलेटर बंद.

कपड्यांचंही तेच. कपाट उघडून "घाला काहीतरी" म्हटलं की अर्धा तास कपाटासमोर. पलंगावर घालायच्या क्रमाने मांडून ठेवा, आधी घालायचं ते वर. नाडीचे लेंगे बाद, इलॅस्टिकचे आणा. पर्याय द्यायचा तर दोनच द्या: पोहे की उपमा?

दिवसभर खुर्चीत बसून राहणं हा आळस नाही. सुरुवात करण्याची कळच निकामी झालेली असते. "फिरून या" म्हटलं तर उठणार नाहीत. हात धरून उठवलं, चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत नेलं की पुढे कोपऱ्यापर्यंत स्वतः चालतात. कधी कधी भावना वाजवीपेक्षा जास्त उफाळते. क्रिकेटमध्ये विकेट पडली की दादांना रडू येतं, आणि मिनिटाभरात थांबतं. "काय झालं, काय झालं" करत भोवती गर्दी करू नका, विषय बदला. हे फारच वाढलं तर त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

चाल या आजारात लवकर बिघडते: छोटी पावलं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पायपुसणी उचला, उंबऱ्यावर रंगीत पट्टी मारा, संडास-बाथरूममध्ये पक्के दांडे बसवा, बसायला कमोड खुर्ची आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. लघवीची घाई असते म्हणून दर दोन-तीन तासांनी आपणच नेऊन आणायचं. डायपरची घाई करू नका, ती सवय परत सुटत नाही.

पाणी पिताना ठसका लागायला लागला तर दुर्लक्ष नको. गिळण्याचे स्नायूही याच मेंदूच्या हुकमात आहेत, आणि फुप्फुसात गेलेल्या घोटातून न्यूमोनिया होतो. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान घोट. भाकरी आमटीत कुस्करून, भात मऊ. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतात, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी गोंधळ वाढतो. "मला ड्युटीवर जायचंय" सुरू झालं की "तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली" हे सांगून उपयोग नसतो. "गाडीला अजून वेळ आहे, तोवर चहा घेऊ" चालतं. खोटं बोललो म्हणून मला सुरुवातीला टोचायचं, आता नाही टोचत. दिवसा उजेडात बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासाची ठेवा. घराबाहेर निघून जाण्याची भीती असेल तर खिशात नाव आणि फोन नंबरचं कार्ड, आणि कडी नजरेच्या वर.

एक फरक मात्र शिकून घ्या. गोंधळ दोन दिवसांत एकाएकी वाढला तर तो 'आजार वाढला' म्हणून स्वीकारू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, छातीत कफ, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, सोडियम, नवी गोळी, नाहीतर नवा झटका, यातलं काहीतरी असतं आणि त्यातलं बरंचसं बरं होतं.

आरडाओरडा फार झाला की कुणीतरी 'शांत करणारी गोळी' लिहून देतं. अँटिसायकोटिक गटातल्या या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच कडक इशारा दिलेला आहे: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो. स्ट्रोकचा धोकाही वाढतो, जो आपल्याला आधीच आहे. कधी कधी पर्याय नसतो, पण "किती दिवसांसाठी?" हा प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी घेऊन बाहेर पडू नका.

कागदपत्रं: सही करता येतेय तोवर

याला पहिल्या दोन महिन्यांत हात घाला. बहुतेकांना वाटतं, मुखत्यारपत्र केलं की झालं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणारा माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून बँकेची खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' पद्धतीने संयुक्त करून घ्या, नॉमिनी तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार हवेत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून 'समजून-उमजून सही करत आहेत' असा दाखला घेतला तर पुढची भांडणं वाचतात. वेळ निघून गेली असेल तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, त्यासाठी वकील गाठा.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर जीवन प्रमाणमध्ये चेहरा दाखवून घरबसल्या होतो. वय सत्तर किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्यात उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च मिळतो. घरातल्या सेवेचा नाही.

सांभाळणाऱ्याचं काय

आमच्याकडे हे सगळं आधी माझ्या बायकोच्या गळ्यात पडलं, कुणी न ठरवता. सहा महिन्यांत तिचं स्वतःचं बीपी १६० वर गेलं तेव्हा आम्ही भावंडं बसलो. 'मदत करत जा' असं मोघम न बोलता कामं वाटली: धाकटा भाऊ दर महिन्याचा पहिला शनिवार-रविवार इथे राहणार, बहीण गोळ्या मागवणार आणि ब्युरोच्या मावशींचा पगार देणार, रात्रपाळी माझी. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलं आहे.

गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजार समजावत, वागणूक कशी हाताळायची ते दाखवत. त्यातून सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. तुमच्याकडे असं कुणी घरी येत नसेल तरी फोन आहे: ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि मनाचा भार असह्य झाला तर टेली-मानस १४४१६. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था व्हॅस्क्युलरवाल्यांनाही दारात घेते, नावावर जाऊ नका.

काल संध्याकाळची नोंद: बीपी १३२/७८. चहा दादांनी केला, मी बाजूला उभा. साखर दोनदा पडली, मी काही बोललो नाही. माझ्या कपात ओतताना म्हणाले, "ताकारीला गाडी फार थांबते." चहा गोड झाला होता.